हात अंबाड्यापर्यंत

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या गोधड्या काढताना स्टूल कलंडलं आणि मी उजव्या खांद्यावर पडले. खांद्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, हात गळ्यात बांधून ठेवू, हाड जुळेल. ऑपरेशन नाही म्हटल्यावर मी खूशच झाले. हाड जुळेपर्यंत खांदा आखडून बसतो, हे मला नंतर कळलं.

कोपर स्टेशनजवळ आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं पार्लर आहे. केस कापायचे, ड्रायरने सेट करायचे, नवरीचा अंबाडा घालायचा, सगळी कामं हात वर धरून. गळ्यातला पट्टा निघाला त्या दिवशी आरशासमोर उभी राहून भांग पाडायला गेले. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. नवऱ्याला हाक मारली. त्याने घातलेली वेणी बघून मला रडू यायच्या ऐवजी हसूच फुटलं.

"असं गिऱ्हाईक माझ्या दुकानातून बाहेर पडलं तर शटर खाली करावं लागेल," मी म्हणाले.

"मग लवकर बरी हो. माझी कला इथेच संपते."

त्याच आठवड्यात कोलशेतच्या एक बाई भेटायला आल्या. पूर्वी त्यांच्या घरचे मिठागरावर राबायचे, आता त्यांच्या जमिनीवर टॉवर उभे आहेत. त्यांच्या थोरल्या मुलीला लग्नात मीच सजवलं होतं. धाकटीचं एप्रिलमध्ये होतं.

"हाताचं समजलं गो," त्या म्हणाल्या. "दुसरी कोण बघून ठेवू काय?"

"बघू नका. मीच येणार."

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, तुला चहाचा कप उचलता येत नाहीये!"

"लग्न काय उद्या आहे?" मी म्हटलं. उगाच बढाई मारत नव्हते. होणार म्हणजे होणार, असंच मला आतून वाटत होतं.

स्टेशनजवळच्या क्लिनिकमधली फिजिओ माझ्या मुलीच्या वयाची. तिने विचारलं, हात कशासाठी हवाय? मी म्हटलं, एप्रिलमध्ये नवरी सजवायचीय. ती हसली नाही. "हात कुठपर्यंत न्यावा लागतो?" मी डावा हात वर करून दाखवला. "इथपर्यंत. आणि तासभर तिथेच धरायचा." तिने जरा विचार केला. "प्रयत्न करू. पण मी सांगेन तेवढंच करायचं."

तेवढंच करणं मला जमेना. आधी शेक, मग वाकून हात सैल सोडून झुलवायचा, मग भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवायची. ती सांगे त्याच्या दुप्पट मी घरी करायचे. कुकरच्या शिट्या होईस्तोवर भिंतीशी, टीव्ही लागला की दोन्ही हातांत काठी धरून. एका सकाळी खांदा असा ठणकायला लागला की परत छातीपर्यंतसुद्धा हात येईना. फिजिओ वैतागली.

"ताई, जोर तुमच्याकडे भरपूर आहे. थोडा धीर आणा."

मुकाट्याने ऐकलं. हळूहळू हात पुन्हा चढू लागला. पण मार्चमध्ये खांद्याच्या जरा वर जाऊन तिथेच अडून बसला. तेव्हा मी ड्रायर आणि गोल ब्रश घेऊनच क्लिनिकला गेले. "बस खुर्चीत," मी फिजिओला सांगितलं. पोरगी उंच. तिच्या डोक्यापर्यंत पोचता पोचता माझा हात थरथरायला लागला.

"थांबा," म्हणत ती उठली आणि व्यायामाच्या गादीवर मांडी घालून बसली. "आता करा."

आता तिचं डोकं माझ्या कमरेशी होतं. ब्रश फिरला, ड्रायर फिरला, केसांना छान बाक आला. शेजारच्या पलंगावर गुडघ्याला शेक घेत पडलेले टकले काका म्हणाले, "माझा नंबर कधी?" सगळं क्लिनिक हसलं. आरशात बघून फिजिओ म्हणाली, "हात वर जात नसेल तर गिऱ्हाईक खाली आणा. व्यायाम मात्र चुकवायचे नाहीत."

लग्नाच्या दिवशी नवऱ्याला बॅग उचलायला घेऊन मी पहाटेच कोलशेतला पोचले. नवरीसाठी आरशासमोर मोठी खुर्ची मांडलेली. मी म्हटलं, पाट आणा. कोणाला पटेल की नाही, याची जरा धाकधूक होती. नवरीची आईच पुढे झाली.

"आणा गो पाट! आमच्यात नवरी पाटावरच बसायची. खुर्च्या तुम्ही पार्लरवाल्यांनी आणल्या."

नेहमीपेक्षा वेळ लागला. मधे दोनदा हात खाली सोडून झुलवला. एका मावशीने गजरे धरले, पिना मी खोचल्या. अंबाडा गच्च बसला, बटा हव्या तिथे वळल्या. नवरी उठून उभी राहिली आणि आरशाकडे बघतच राहिली. आईने जवळ येऊन मान वाकडी करून मागून-पुढून पाहिलं आणि ती म्हणाली, "थोरलीपेक्षा झ्याक झालंय. तिला सांगू नका."

जेवून निघालो तेव्हा खांदा भरून आला होता. रिक्षात नवऱ्याने विचारलं, "दुखतंय?"

"दुखतंय की."

"उद्या पार्लर बंद ठेवू या?"

"कशाला? सकाळी शेक घेते. दहाला दोन बायका येणार आहेत, त्यांच्यासाठी तेवढी बुटकी खुर्ची बघून आण."