बोंडेकाकूंची गावं

"तुह्या गावात दुपारी दोनले कोण जागं असते?"

बोंडेकाकूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. परदेशातल्या बेडोक या उपनगरातल्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट, दोघींच्या हातांत भाजीच्या पिशव्या आणि ओळख अजून आडनावापर्यंतही पोचलेली नाही! त्यात मी पुण्याची. दुपारी दोन या विषयावर पुणेकराने काय बोलावं? "बरं, विचार करून सांग," म्हणत त्या आपल्या मजल्यावर उतरल्या.

काकू वऱ्हाडातल्या, दर्यापूरच्या. नवरा गेल्यावर मुलाकडे, सुहासकडे, राहायला आल्या. सुहास जुरोंग आयलंडवर केमिकल इंजिनिअर. सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीला यायचा. मधला अख्खा दिवस काकू लोकांकडून त्यांची गावं काढून घेत. मध्येच बरं वाटेनासं झालं तर माझं दार वाजवत. ब्लॉकमध्ये नवं मराठी कुटुंब आलं की चहाचं बोलावणं जायचं आणि चहाबरोबर चौकशी व्हायची. एकदा एका बँकवाल्याने नाशिकचे घाट, देवळं, द्राक्षं अशी आरती ओवाळायला सुरुवात केली. काकूंनी त्याला मध्येच तोडलं. "हे तर पाटीवर लिहून असते, बाप्पा. अवेळी पाहुणा आला तर दूध कोणाच्या घरून आणता, ते सांग." तो आधी गोंधळला, मग सांगायला लागला आणि थांबेचना. जाताना डोळे पुसत होता. "गाव विकायचं नसते, सांगायचं असते," हे काकूंचं ठरलेलं वाक्य.

मागच्या वर्षी सुहासची बदली झाली ती थेट त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. त्याचा इथे राहण्याचा पास संपला की त्याच्या आधारावर मिळालेला काकूंचा पासही संपणार होता. दर्यापूरहून थोरल्या भावाचे रोज फोन सुरू झाले. "मालती, आता घरी ये. या वयात कुठं समुद्रापार चालली?" सुहास म्हणत होता, "आई, तू ठरव." सत्तरी ओलांडलेल्या बाईने उरलेलं आयुष्य कुठे काढायचं, यावरून आमच्या ब्लॉकमध्ये दोन तट पडले. मी दर्यापूरच्या बाजूची, तीही तावातावाने.

काकूंनी घाई केली नाही. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सुहासने ज्यांचं घर भाड्याने ठरवलं होतं, त्या रामदीनबाईंना त्यांनी फोनवर गाठलं. बाईंचे पूर्वज कधीकाळी बिहारकडून जहाजाने तिकडे गेलेले. काकूंचं इंग्रजी तोडकंमोडकं आणि बाईंचं हिंदी जुन्या गाण्यांपुरतं. तरी थोड्याच दिवसांत काकूंनी त्यांच्याकडून गाव काढून घेतलंच.

निघायच्या आधीच्या रविवारी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर आम्ही सगळे जमलो, तेव्हा त्यांनी दोन्ही गावं सांगितली. दर्यापूरची सपाट काळी जमीन, औषधालाही टेकाड नाही, विहिरींना खारं पाणी, कापसाच्या दिवसांत बाजाराबाहेर लागणारी गाड्यांची रांग. उन्हाळ्याच्या भर दुपारी जागा असतो तो एकटा रसवंतीवाला. मग पोर्ट ऑफ स्पेन. पाठीशी डोंगर, पुढ्यात बंदर, सकाळी रस्त्याच्या कडेला मऊ पिवळ्या पुऱ्यांत गुंडाळलेले छोले, तेलाच्या पिंपांपासून बनवलेली वाद्यं. आणि काही वस्त्यांत अंधार पडल्यावर पाऊल टाकायचं नाही, बंदुका चालतात. ते ऐकून आम्ही चपापलो. "हेही सांगालेच पायजे," काकू शांतपणे म्हणाल्या.

"म्हणजे दर्यापूरच ना, काकू?" मला राहवलं नाही.

"तिथं माही खोली तयार हाय. भावजयीनं नवी गादी भरून ठेवली. माणसं सोन्यासारखी हायेत. पण पोरी, तिथं मले कोणी काही विचारणार नाही. साऱ्यांले वाटते, मालतीचं सारं आपल्याले ठाऊक हाय. अन् मले तर अजून लय विचारायचं हाय, लय सांगायचं हाय."

त्या पोर्ट ऑफ स्पेनला गेल्या. भावाने रागाने बोलणं टाकलं. ते त्यांना फार लागलं, पण बेत बदलला नाही. त्या वयात इतकी हिंमत माझ्यात असेल का, मला शंकाच आहे.

परवा त्यांचा फोन आला. रामदीनबाईंकडे शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि त्यांनी काकूंनाच गाव सांगायला बसवलं होतं.

"मी दर्यापूरच सांगून राहिली होती," काकू म्हणाल्या. "पण एकीनं विचारलं, तिकडं दुखलं-खुपलं तर कोणाचं दार वाजवत होती? मंग तुहं नाव घेतलं. अन् पुढं सारं बेडोकच सांगत गेली, पाह्य."

मी फोन हातात तसाच धरून माझ्या दारापाशी गेले. तिकडे काकू "हॅलो, हॅलो" करत राहिल्या.