हनुमंतरावांच्या डोक्यातला घोडा

हनुमंतराव व्हायोलिन शिकवायला तिरुवैयारूला निघाले आणि भलत्याच बसनं पापनाशमला पोचले. पहिल्यांदा झालं तेव्हा तंजावरातले नातेवाईक हसले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा जयलक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं व्हायोलिन कपाटात घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "डॉक्टर हो म्हणाले तरच शिकवणी."

मद्रासहून नवीनच आलेल्या डॉक्टरांनी तमिळमध्ये सांगितलं, "सर, तीन शब्द लक्षात ठेवा. लिंबू, किल्ली, होडी. नंतर विचारीन. आता महिना कुठला?"

"चैत्र."

"पंगुनी," डॉक्टरांनी तमिळ महिना पुटपुटला आणि कागदावर फुली मारली.

तक्रार करायला आलेल्या जयलक्ष्मीबाई उसळल्या. "उगादी झाली की! आमच्या घरी चैत्रच."

"मग पंगुनी कोणाच्या घरी?"

"तोही आमच्याच. पंगुनी उत्तिरमच्या उत्सवाला कोविलात, देवदर्शनाला आम्ही जात नाही का?"

डॉक्टरांनी फुली खोडली, पुन्हा मारली, पुन्हा खोडली. "बरं, ते तीन शब्द?"

हनुमंतराव पंख्याकडे बघत राहिले. "कुठले शब्द?"

जयलक्ष्मीबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

डॉक्टर हळू बोलू लागले. "मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. नवं काही आलं की आधी तो धरून ठेवतो. तुमचा थकलाय. जुनं दुसरीकडे मुरलेलं असतं. बोटांची सवय तर आणखी तिसरीकडे."

"म्हणजे व्हायोलिन?"

"खुशाल शिकवा. बसमध्ये मात्र एकटे चढू नका."

बाहेर आल्यावर हनुमंतराव बराच वेळ कपाळ चाचपत होते. "अगे, पूर्वज घोड्यावर बसून तंजावरला आले. हा घोडा माझ्या डोक्यात कधी बसला?"

"बसला तर बसला. दमलाय म्हणतात, त्याला उगीच पळवू नका."

शुक्रवारी दोघं तिरुवैयारूच्या बसमध्ये बसली. बाईंनी कंडक्टरला दोनदा विचारून खात्री केली. हनुमंतरावांची नजर बायकोच्या कमरेवर गेली. "किल्ली! किल्ली होती त्यात."

"होती ना! आणि लिंबू," बाई आनंदल्या.

"आणि तिसरं?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. "वांगं?"

"वांगं नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत, तुम्ही विसरलात ना?"

"वांगं असतं तर विसरलो नसतो."

कावेरीचा पूल गेला, कंडक्टर 'तिरु'-काहीतरी ओरडला, बस थांबली, सुटली. वांग्याचा निकाल लागेना. हनुमंतरावांची बोटं मात्र मांडीवरच्या व्हायोलिनच्या पेटीवर आजचा धडा बिनचूक वाजवत होती.

"अहो, तिरुवैयारू कधी यायचं?"

"मला विचारतेस?" हनुमंतराव म्हणाले.