सप्तमीचं पाणी

नव्वदच्या दशकात वसई पूर्वेला नवा फ्लॅट घेतलेल्या माणसाचा स्वाभिमान टँकरच्या पाइपातून ठिबकत असे. माझा तर त्या सकाळी सासऱ्यांसमोर ठिबकायचाही थांबला होता.

सासरे सांगलीकडचे, घरची विहीर असलेले. बायकोला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ते तिला न्यायला आले होते. आम्हा दोघांना मात्र ती इथेच हवी होती. दवाखाना कोपऱ्यावर होता आणि मूल जन्मेल तेव्हा मला हजर राहायचं होतं. सासऱ्यांनी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली आणि विचारलं, "जावईबापू, पाण्याविना बाळंतीण ठेवायची कुठं?"

पाण्याचं नाव निघालं आणि माझ्यातला नट उठून उभा राहिला. आदल्याच रविवारी मी खाडीला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं तळं पाहिलं होतं. दुपारी बाराला तुडुंब, आरशासारखं. खारं पाणी बाळंतिणीच्या काय कामाचं, हे मला सुचलं नाही. "मामा, चला, तुम्हाला पाणी दाखवतो," मी म्हणालो आणि तिघांची वरात रिक्षाने निघाली.

बांधावर ओळखीचे एक शेतकरी काका होते. त्यांची लहानशी होडी मी मागितली. बायकोला डब्यासह चिंचेच्या सावलीत बसवलं.

"आज पानी उतरतंय," काका म्हणाले. "लवकर फिरा."

"काका, गेल्या रविवारी बाराला तुडुंब होतं. आज अकराच वाजतायत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग होडीकडे. बहुधा होडीची दया आली असावी.

मी बांबूने होडी रेटत, हात पसरून सासऱ्यांना बगळे दाखवत, ऐन मध्यावर नेली. तिथे होडीने खाली टेकून एक सुस्कारा सोडला. आजूबाजूचं पाणी पाहुण्यांनी पंगतीतून उठावं तसं निघून गेलं. उरला तो गाळ आणि त्यावर टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे. मी बांबू रोवला. बांबू तिथेच राहिला, मी मागे पडलो.

"तिथी कोन्ती आज?" काकांनी बांधावरून हाक दिली.

सासऱ्यांच्या पिशवीत पंचांग कायमचं. "सप्तमी."

"तिथीची पाऊनपट करा. भरती तवा."

"सात पाऊणे सव्वापाच," सासरे शाळेतल्या सुरात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि गेल्या रविवारी पौर्णिमा होती. समुद्राला रविवारची सुट्टी नसते, जावईबापू."

"होडी कधी सुटंल?" त्यांनी काकांना विचारलं.

"अडीच-तीनला. तवर बसा."

दोघा म्हाताऱ्यांची चिखलावरून छान गट्टी जमली. भाताच्या जाती झाल्या, बैल झाले. मी मध्ये बसून ऊन खात होतो. बांधावर बायको आमचा डबा खात होती.

साडेबाराच्या सुमारास ती उठली. कमरेवर हात ठेवून दोन पावलं चालली, थांबली, खाली बसली.

सासऱ्यांनी एक पाय होडीबाहेर टाकला. तो मांडीपर्यंत आत गेला. मी त्यांना काखेत धरून ओढलं. पाय आला, चप्पल आली नाही. काका तिच्याकडे गेले, वाकून बोलले आणि आमच्याकडे हात हलवला. काही नाही, असा त्याचा अर्थ. पाय आखडला होता म्हणे.

सासऱ्यांनी मांडीवरचा चिखल निपटला. मग हळूच म्हणाले, "तिला आत्ता खरंच काही झालं असतं, तर आपण दोघांनी काय केलं असतं?"

मला कुठल्याही विषयावर अर्धा तास बोलता येतं. तेव्हा मी बांधापर्यंतची पावलं मोजली. बांध दोनशे पावलांवर होता आणि मला त्यातलं एकही टाकता येत नव्हतं.

पावणेतीनला होडी हलली. काठावर बायकोने बापाचा अनवाणी पाय पाहिला, मग माझं तोंड. "मी जाते बाबांबरोबर," ती म्हणाली. मी मान हलवली.

एसटीच्या खिडकीतून सासऱ्यांनी पंचांग माझ्या हातात दिलं. एका पानावर पेन्सिलीने चार तिथींना खुणा होत्या. "बाळंतपण या दिवसांत. तिकडं येऊन राहा. रविवार धरून बसू नका."

ऑफिसात रजा मिळेना. मुलगी झाली ती बुधवारी, खुणा केलेल्या चारांपैकी दुसऱ्या तिथीला. मी टेबलाशी बसलो होतो, खिशात रविवारचं तिकीट घेऊन.