तलावाकडे पाठ केलेलं बाक

त्या बाकाची केस मी अजून विसरलेले नाही. तिच्यात रक्त नव्हतं, पाठलाग नव्हता, कोणाला हातकड्या पडल्या नाहीत. माझ्या नोकरीत याहून कितीतरी गंभीर प्रकरणं आली. तरी कोणी 'एखादी केस सांग ना' म्हटलं, की मला आधी हीच आठवते.

मी ठाण्याला इंग्रजी माध्यमात शिकले, नववीत असताना आईबाबांबरोबर अमेरिकेत, मिनेसोटात आले आणि पुढे ईडन प्रेरीजवळच्या एका उपनगरात पोलीस अधिकारी झाले. गस्तीच्या गाडीला ट्रकने मागून धडक दिली, मणक्याला मार बसला आणि तिशीच्या आतच वैद्यकीय कारणावरून निवृत्त झाले. मला फार बोलता येत नाही. पोलिसात हे कसं चालतं असं लोक विचारतात. चालतं. आपण गप्प राहिलो की समोरचा माणूस ती शांतता भरून काढायला बोलू लागतो, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. इथे मी कोणाचंही नाव घेणार नाही.

आमच्या हद्दीत एक लहान तलाव आहे आणि त्याच्या भोवती फिरायची वाट, म्हणजे ट्रेल. तिची देखभाल एक स्वयंसेवक गट करायचा. बहुतेक सगळे निवृत्त. बकथॉर्न नावाचं काटेरी झुडूप तिथे सगळीकडे माजतं, ते उपटायचं, वाटेवर पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, असं त्यांचं काम. उद्यानांसाठी झटणाऱ्या अशा गटांना अनुदान देणारी एक संस्था आहे. तिने या गटाला त्या वर्षी पहिल्यांदाच अनुदान मंजूर केलं होतं, पण दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात तलावाकाठी दोन बाकं बसवायची. ती मंजूर आराखड्याप्रमाणे जागेवर आहेत असं तपासणीत दिसलं, तर दुसरा टप्पा मिळणार. दुसऱ्या टप्प्यात दलदलीच्या भागावर लाकडी फळ्यांची वाट होणार होती.

गटाच्या अध्यक्ष सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. मी त्यांना अध्यक्षबाई म्हणते. अनुदानासाठी त्यांनी अनेक वर्षं अर्ज केले होते. त्यांना ती लाकडी वाट कशासाठी हवी होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. ते व्हीलचेअरवर होते आणि त्यांची वाचा गेली होती. हा ट्रेल दोघांनी मिळून साफ करायला सुरुवात केली होती. आता व्हीलचेअर दलदलीपर्यंत जायची आणि तिथून परत फिरायची.

"हिवाळ्याच्या आत त्याला एकदा पूर्ण तलावाभोवती न्यायचंय," त्या मला म्हणाल्या. "फक्त एकदा."

तक्रार घेऊन त्या स्वतः स्टेशनात आल्या होत्या. दोनपैकी एक बाक कोणीतरी उलटं फिरवत होतं. बाकांचं तोंड तलावाकडे असायला हवं. एकाचं तोंड वाटेकडे केलेलं सापडायचं. गटातल्या लोकांनी ते सरळ केलं, पुन्हा फिरलं. नगरपालिकेच्या माणसाने बाकाच्या पायांचे नट आवळून दिले, तरी फिरलं. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. पाळी सुरू होतानाच्या हजेरीला, म्हणजे रोल कॉलच्या वेळी, सार्जंटनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "घे, वर्षातली सगळ्यात मोठी केस." सगळे हसले. मी कागद घेतला.

जागेची पाहणी केली. गटाचा संशय शाळेतल्या मुलांवर होता. मला तसं वाटेना. फिरवलेल्या बाकाचे चारही नट पुन्हा नीट घट्ट केलेले होते. लाकडावर ओरखडा नव्हता. मोडतोड करायला आलेला माणूस नट परत बसवत नाही. हे काम करणाऱ्याला बाक हवं होतं, फक्त दुसऱ्या दिशेने.

दोन दिवसांनी खबर आली. कुत्रा फिरवायला येणाऱ्या एका बाईने फोन केला होता. सकाळी तीन म्हातारी माणसं बाकापाशी वाकून काहीतरी करत होती, त्यांच्याकडे कापडी पिशवी होती, असं तिचं म्हणणं. वर ती हेही म्हणाली, "पण ती चोरांसारखी दिसत नव्हती हो. एकीने मला हात केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन बाकांजवळ उभी राहिले. फिरवलेलं बाक आदल्या संध्याकाळी सरळ केलेलं होतं. मागे वाटेवर अध्यक्षबाईंचे यजमान व्हीलचेअरवर बसले होते. अध्यक्षबाई गटाबरोबर झाडीत काम करत होत्या, हाकेच्या अंतरावर. थोड्या वेळाने दोन काका आणि एक काकू आल्या. काकूंच्या पंजाबी ड्रेसवर मुलाचं भलंमोठं हिवाळी जॅकेट होतं. माझ्याकडे बघून तिघं जरा थबकली, मग बाकावर बसली.

"ही मेक्सिकन असेल नाही?" काकू म्हणाल्या.

"असेल. पण चेहरा अगदी आपल्या कोथरूडच्या पोरींसारखा आहे," एक काका म्हणाले. हे पुण्याचे. "वाळलीय किती! घरी कोणी करून घालत नाही वाटतं."

"अहो, हळू बोला," दुसरे काका म्हणाले. हे काकूंचे यजमान, चंद्रपूरचे.

"तिला काय कळतंय?" पुण्याचे काका म्हणाले. "कमरेला केवढं ओझं लटकवलंय बघा. लग्न कसं व्हायचं हिचं!"

माझ्या जॅकेटवर नावाची पट्टी होती, पण ती वाचता येईल इतकं जवळ कोणी आलं नव्हतं. मी तलावाकडे बघत राहिले.

"पुन्हा सरळ केलं की हो त्यांनी," काकू म्हणाल्या. "पाना आणलाय ना?"

"पिशवीत आहे, कोथिंबिरीच्या खाली. ही बाई जाऊ दे आधी," तिचे यजमान म्हणाले.

मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काकू, पाना बघू."

मग पुण्याचे काका हळूच म्हणाले, "म्हणजे... तुम्हाला मराठी..."

"येतं. आणि मी व्यवस्थित जेवते."

चंद्रपूरच्या काकांनी पिशवीतून पाना काढून माझ्या हातात दिला. छातीवरचा कॅमेरा चालू आहे, हे मी नियमाप्रमाणे त्यांना सांगितलं. त्याने ते घाबरले.

"मॅडम, मुलाला फोन नका करू," ते म्हणाले. "तो रोज सांगून जातो, बाबा, इथे कशाला हात लावू नका. आम्ही व्हिजिटर व्हिसावर आहोत. आमचं नाव कुठं लिहिलं गेलं, तर पुन्हा यायला मिळणार नाही. नात तीन महिन्यांची आहे."

"काका, मी अजून काही लिहिलेलं नाही. बाक का फिरवता, तेवढं सांगा."

"मीच फिरवतो. या दोघांचा काही संबंध नाही."

"वा, वा," पुण्याचे काका म्हणाले. "आणि दुसरी बाजू कोण उचलतं? तुमची नात?"

"तुम्ही गप्प बसा हो!"

मी गप्प राहिले. शेवटी काकूच बोलल्या.

"ते बघ," त्यांनी व्हीलचेअरकडे हात केला. "ते रोज तिथे बसतात. त्यांची गाडी गवतात उतरत नाही. पहिल्या दिवशी आम्ही आलो आणि त्यांच्यापुढे बसलो. असे, पाठ करून. माझं लक्षच लागेना. एक माणूस मागे बसलाय आणि आपण त्याला पाठ दाखवून गप्पा मारतोय. बरं दिसतं का ते? तूच सांग."

"त्यांच्याशी बोलता तुम्ही?"

"बोलतो की. त्यांना येत नाही बोलायला, म्हणून काय झालं? यांचं त्यांना चंद्रपूरचं सगळं वीज केंद्र सांगून झालंय, जन्मभर तिथेच नोकरी केली ना."

"मराठीत?"

"इंग्रजीत दोन दिवस सांगितलं," चंद्रपूरचे काका ओशाळून म्हणाले. "मग शब्द संपले."

चौकशीत माणूस खोटं बोलायला लागला, की आधी स्वतःला मोठं करतो किंवा लहान करतो. ही तिघं एकमेकांना सुधारत होती, भांडत होती, म्हणजे खरं बोलत होती. तरीही त्यांच्या शब्दावर केस बंद करता येत नव्हती. तक्रारदार अध्यक्षबाई होत्या. मी त्यांना झाडीतून बोलावून आणलं आणि सगळं इंग्रजीत सांगितलं. त्या हातमोजे न काढता ऐकत राहिल्या.

"त्याने मला कधी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. तो सांगणार कसा, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

जबाब एकाचाच राहिला होता. मी व्हीलचेअरसमोर गुडघ्यांवर बसले आणि हो किंवा नाही, एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारले. ही माणसं तुम्हाला त्रास देतात का? त्यांनी मान हलवली, नाही. यांनी बाक फिरवलं, हे तुम्हाला माहीत आहे? हो. तुम्हाला ते सरळ करून हवंय? त्यांनी मानही हलवली नाही. चांगला हात उचलून चंद्रपूरच्या काकांची बाही धरली आणि सोडेचनात. काका कानकोंडे होऊन म्हणाले, "अरे, आहे मी, आहे. कुठं जात नाही."

अध्यक्षबाई बाकाच्या कडेला बसल्या. बराच वेळ त्या नवऱ्याच्या त्या हाताकडे बघत होत्या.

मी त्यांना बाजूला घेऊन वस्तुस्थिती सांगितली. नुकसान झालेलं नाही, हेतू वाईट नाही, म्हणजे गुन्हा घडलेला नाही. अहवालात कोणाचं नाव येणार नाही. तपासणीपर्यंत बाक सरळ करून ठेवलं, तर अनुदानाचा दुसरा टप्पाही सुरक्षित राहील. चारच दिवसांचा प्रश्न होता.

"आणि हे चार दिवस तो पुन्हा यांच्या पाठी बघत बसेल," त्या म्हणाल्या.

"चारच दिवस."

"तुम्ही त्याचा हात पाहिलात ना?"

मग त्या बाकांकडे गेल्या, हातमोजे काढले आणि चंद्रपूरच्या काकांना म्हणाल्या, "तुमचा पाना पोलिसांकडे आहे. माझ्या ट्रकमध्ये दुसरा आहे. आणू का?"

काकांना इंग्रजी कळलं, पण विश्वास बसला नाही. ते माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "काका, आणू देत." बाक त्यांनी माझ्यासमोर फिरवलं. एक बाजू अध्यक्षबाईंनी उचलली.

स्टेशनात आल्यावर कॅमेऱ्यातल्या संभाषणाचं भाषांतर मलाच करून द्यावं लागलं. लग्न आणि वाळलेल्या तब्येतीचा भाग मी 'खासगी स्वरूपाचं बोलणं' असा एका ओळीत आटोपला. सार्जंटनी ती ओळ दोनदा वाचली, पण विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी गस्तीच्या वाटेवरून मुद्दाम तलावावर गेले. अनुदान संस्थेचा तपासनीस तरुण आणि सभ्य होता. त्याने दोन्ही बाकांचे फोटो काढले आणि हे एक उलटं का, असं विचारलं. अध्यक्षबाई उत्तर देणार, तोच पुण्याचे काका उभे राहिले आणि त्यांनी चार दिवस मनात तयार केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं, "लेक इज व्हेरी नाईस. बट लेक इज नॉट लिसनिंग."

तपासनीस हसला. तरी त्याने त्याला जे लिहायचं होतं तेच लिहिलं. काम आराखड्यापेक्षा वेगळं होतं आणि जागेवर मंजुरी द्यायचा त्याला अधिकार नव्हता. प्रकरण समितीकडे गेलं. समितीने बदल मान्य केला, पण तोपर्यंत जमीन गोठली होती. हिवाळ्याच्या आत ती लाकडी वाट झाली नाही. असं होऊ शकतं हे अध्यक्षबाईंना बाक फिरवतानाच माहीत होतं. त्या हिवाळ्यात त्या मला दोनदा किराणा दुकानात भेटल्या. तक्रारीचा सूर त्यांनी एकदाही काढला नाही. यजमानांची तब्येत मात्र बरी नाही, म्हणाल्या.

बर्फ वितळल्यावर वाट झाली. त्या दिवशी माझी सुट्टी होती, म्हणून साध्या कपड्यांत गेले. यजमान खूप वाळले होते, पण आले होते. चंद्रपूरचे काका-काकू ऑक्टोबरातच परत गेले होते. पुण्याचे काका ग्रीन कार्डवर इथेच राहायचे, ते तेवढे होते. त्यांनी फोनवरून त्या दोघांना व्हिडिओ कॉल लावून तो व्हीलचेअरच्या पुढे धरला आणि सबंध फेरी उलट्या पावलांनी चालले. दलदल ओलांडताना फोनमधून काकूंचा आवाज येत होता, "अहो, खाली बघून चाला, नाहीतर त्यांच्याआधी तुम्हीच पडाल पाण्यात!" अध्यक्षबाई फक्त ढकलत होत्या.

या केसमध्ये प्रत्येक वेळी हजर असलेला एकच साक्षीदार होता आणि त्याचा जबाब सगळ्यात शेवटी घेतला गेला, कारण त्याला बोलता येत नव्हतं. त्यानंतर जेवढी नोकरी झाली, तेवढ्यात कुठल्याही घरी कॉलवर गेले, की आरडाओरडा करणाऱ्यांना सहकाऱ्यावर सोपवायचे आणि कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसापाशी जायचे. त्यात वेळ जायचा. सार्जंट दारातून घड्याळ दाखवायचे. मी मान हलवायचे आणि तिथेच गुडघ्यांवर बसून वाट बघायचे.