पोटाला मार, तर पाणी नाही

गॅरेजमागे जुने टायर साचतात तसे आमचे किस्से साचले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद सडकेच्या कडेला दुकान मांडलं की काही ना काही दारात येऊन पडायचंच. मी सांगतोय ते साठ सालच्या आसपासचं. उस्मान मिस्त्रींचं गॅरेज, त्यांच्याकडे पंक्चर काढणारा किसन, शेजारी तुळसाबाईंचं चहाचं हॉटेल आणि पलीकडच्या पेट्रोलपंपावर कारकुनी करणारा मी. चौघांत डॉक्टर कोणी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

*

सुरुवात लाजिरवाणी आहे. एका ट्रकनं बैलगाडीला धडक दिली आणि गाडीवान सडकेवर पडला. मांडीतून रक्ताची धार लागलेली. आम्ही सगळे धावलो आणि गोल करून उभे राहिलो. एकानं कांदा हुंगवला, दुसऱ्यानं चप्पल नाकाशी धरली. तिसरा म्हणाला, "कोनाचा मानूस आहे ते पाह्यल्याबिगर हात कायले लावा?" आम्ही माना हलवल्या.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सायकलवर आले, तोवर तो गेला होता. डॉक्टरांनी खाली बसून नाडी पाहिली, मग उठून आम्हाला मोजलं.

"वीस जण आहात. हात चाळीस. मांडी दाबायला त्यातला एकही मोकळा नव्हता?"

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. रविवारी उस्मान मिस्त्री स्वतः दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "साहब, हात तं आहेत. काम शिकवा."

*

डॉक्टरांनी गॅरेजात चार गोष्टी शिकवल्या. रक्त दाबून धरायचं. मोडलेलं हाड हलवायचं नाही. उचलायचं तर फळीवर. आणि पोटाला मार असेल तर पाणी द्यायचं नाही, कितीही मागू दे. किसन चौथी शिकलेला. त्यानं चारही गोष्टी पांढऱ्या रंगानं भिंतीवर लिहिल्या.

चौथी गोष्ट आम्हाला पटेना. तुळसाबाई तर उखडल्याच. "मानूस पानी मांगते अन् आपुन नाई म्हनावं? पाप लागन."

"लागू द्या," डॉक्टर म्हणाले. "पाप तुम्हाला लागेल, माणूस तर वाचेल."

*

पहिली परीक्षा उस्मान मिस्त्रींची झाली. राळेगावकडचा एक सायकलवाला पडला आणि त्याच्या नडगीचं हाड मोडलं. मिस्त्रींनी दोन लाकडी पट्ट्या लावून ट्यूबच्या रबरानं पाय असा आवळला की ट्रकच्या स्प्रिंगचा पाटाही हलला नसता. दवाखान्यात ते सोडवताना कंपाउंडरला घाम फुटला आणि पाय निळा पडायला लागला.

शेवटी डॉक्टरांनी रबर कापलं आणि पायात रक्त उतरलं. ते मिस्त्रींना म्हणाले, "हा माणूस आहे. याला हैदराबादपर्यंत माल न्यायचा नाही."

तेव्हापासून मिस्त्री गाठ मारली की खाली बोट घालून बघायचे. अगदी स्वतःच्या पायजम्याच्या नाडीलासुद्धा!

*

फळी म्हणजे गॅरेजच्या जुन्या दाराची. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. एकदा सरकीचा ट्रक उलटून क्लीनर खाली सापडला. त्याला ओढून काढला, पण फळी जागेवर नाही. मी वेड्यासारखा शोधतोय. फळी निघाली तुळसाबाईंच्या मागच्या अंगणात, वर कुरडया वाळत घातलेल्या. क्लीनर वाचला, पण तेवढ्या वेळात तो जे ओरडला ते बाईंच्या कानातून गेलं नाही.

पुढे एक बडे हवालदार चहा प्यायला आले आणि सावली बघून ती फळी आडवी करून तिच्यावर बसले. बाई कपबशी हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"उठा साहेब. त्याच्यावर मानूस झोपते."

हवालदार उठले.

*

जखमीला न्यायला ट्रकवाले तयार नसत. एक ड्रायव्हर म्हणाला, "पुलिस मले धरन." चहा अर्धा टाकून तो निघालाच. उस्मान मिस्त्रींनी त्याचं स्टार्टिंग हँडल उचललं, ते पुढून फिरवून गाडी स्वतः चालू करून दिली आणि हँडल मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसले.

"पुलिस मंग धरन. म्या आत्ताच धरलं. चाल."

*

आता किसनचा किस्सा.

किसन शेजारच्याच एका गावचा. त्याची आई विहिरीवर घागर घेऊन उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून. ओतलं तर ओतलं, नाही तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभी. छप्पन सालानंतर घरानं धम्म घेतला, विहिरीची ती वाट सोडली आणि किसन आमच्याकडे आला. विहीर पाटलांची होती.

वैशाखातल्या भर दुपारी त्याच पाटलांचे बैल ट्रकच्या हॉर्नला बुजले. छकडा उलटला आणि धुरीचा दांडा पाटलांच्या पोटात बसला. आम्ही फळी घेऊन धावलो. मिस्त्री ट्रक अडवायला सडकेवर गेले. किसननं पाटलांचं डोकं धरलं.

पाटलांनी डोळे उघडले. "कोन?"

"किसन."

पाटील म्हणाले, "पानी दे."

"नाई देता येत, पाटील."

"तुह्या हातचं दे, किसन. म्या मांगून राह्यलो."

पाटलांचा गडी हॉटेलातून लोटा भरून आला. किसननं तो हिसकावला आणि सगळं पाणी मातीत ओतलं.

"सूड घेऊन राह्यला काय बे?" गडी त्याच्या अंगावर धावला. गावचे चार-पाच जण पुढे सरकले. मी मधे पडलो, पण खरं सांगतो, त्या क्षणी मलाही शंका आली. किसननं पाटलांचं डोकं सोडलं नाही. नुसतं गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेल्याकडे बोट केलं. वाचता येणारा त्यांच्यात कोणी नव्हता.

दवाखान्यापर्यंत पाटील पाणी मागत होते आणि किसन नाही म्हणत होता. आतडं फाटलेलं निघालं. "पाणी पाजलं असतं तर हाताशी काही राहिलं नसतं," असं डॉक्टर म्हणाले. तरी गावात महिनाभर एकच बोलणं होतं की किसननं पाटलाला तहानेनं तडफडवलं. त्याची आई बाजाराला जायची बंद झाली.

दीड महिन्यानं पाटील काठी टेकत गॅरेजवर आले. मागे तो गडी आणि गावची माणसं. किसन टायर खोलत बसला होता.

"किसन, आता तं पानी देशीन?"

किसन उठला नाही. म्हणाला, "डॉक्टरचा कागद दाखवा."

गडी पुढे झाला, पाटलांनी त्याला काठीनं अडवलं आणि खिशातून कागद काढून दिला. कागद सगळा इंग्रजीत होता. किसनला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यानं तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. पाटील उन्हात उभे होते.

मग किसननं कागदाची घडी केली, हात धुतले, माठातून गिलास भरला आणि पाटलांच्या हातात दिला.