आइन की किंजळ

बेळगावात मी कॉलेजात शिकत होते तेव्हा कॉलेजमागच्या माळावर आमच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांनी झाडांची बाग उभी केली होती. सह्याद्रीतलं प्रत्येक झाड तिथं असावं हा त्यांचा ध्यास. रविवारी बाग सगळ्यांना खुली असे. शहापूरचे विणकर बायकामुलांसह फिरायला येत. झाडांवरच्या पत्र्याच्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडं होतं. वर लॅटिन नाव, खाली मराठी आणि कानडी. अक्षर चांगलं म्हणून मला त्याचा ताठाही होता.

एका उन्हाळ्यात खानापूरकडची माझी आत्ती आमच्या अनगोळच्या घरी राहायला आली. तिचं सारं आयुष्य शेतात आणि रानात गेलेलं. तिला मी हौसेनं बाग दाखवायला नेलं. एका कोवळ्या झाडापाशी थांबून मी पाटी वाचली, "आइन."

आत्तीनं खोडावरून हात फिरवला. "ह्यो आइन न्हाय गं. किंजळ हाय."

"आत्ती, सरांनी सांगितलंय. तू गप बस बघू."

नेमके सर मागंच उभे होते. माझ्याकडं न बघता त्यांनी तिला विचारलं, "बाई, कशावरून म्हणता?"

आत्तीनं पदर सावरला. "आइनाची साल मगरीच्या पाठीवानी असती. हिला नुसत्या बारीक चिरा हाईत. आमच्या रानात दोन्ही हाईत, म्हणून कळतंय."

"झाड अजून लहान आहे, सालीवरून खात्री देता येत नाही," सर म्हणाले. "फळ धरेपर्यंत थांबू. पण तुमचं खरं असेल."

घरी येईपर्यंत मी आत्तीच्या चार पावलं पुढंच चालले.

दोन वर्षांनी झाडाला फळं धरली. आइनाच्या फळाला पाच सारखे पंख असतात. याला एकच मोठा, तांबूस. सरांनी पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नवं नाव लिहा. आणि तुमच्या आत्तींना कळवून या."

त्याच आठवड्यात मी खानापूरला गेले. आत्ती खळ्यात भात पाखडत होती. मी सगळं सांगितलं. चुकीच्या नावाबद्दल सांगणं सोपं गेलं; "तुला गप बस म्हणाले" हे मात्र तोंडातून निघेना. शेवटी कसंबसं म्हणाले.

"व्हय, म्हणालीस," ती म्हणाली. सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं. "मला वाईट वाटलं हुतं."

एवढंच. मग तिनं मला जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रानात गेलो, ती पुढं आणि मी वही घेऊन मागं. संध्याकाळपर्यंत तिनं मला एकतीस झाडं दाखवली. त्यातली नऊ आमच्या बागेत नव्हती.