हाकेच्या आधी

मारोती खिल्लारे मागे येणाऱ्या ट्रकला कधी 'येऊ दे' म्हणायचा नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात हे विचित्रच होतं. तिथे ट्रक रिव्हर्स घ्यायला लागला की चहावालासुद्धा किटली खाली ठेवून 'येऊ दे, येऊ दे, बस' करतो. मारोती मात्र बाजूला सरकायचा. ड्रायव्हर ओरडायचा, "अरे चाचा, पीछे देखो ना!" तर हा दुसऱ्या कुणाला तरी हाताने बोलवायचा.

घरीही तसंच. मुलगी संघप्रिया दहावीनंतर काय घेऊ म्हणून विचारायला आली, तर म्हणाला, "तुझ्या आईला विचार." रस्ता ओलांडताना बायको जाईबाई 'चला' म्हणेपर्यंत त्याचा पाय उचलायचा नाही. लोकांना वाटायचं, माणूस भित्रा आहे. तो भित्रा नव्हता. बावीस वर्षांपूर्वी आपल्या तोंडून एक हाक चुकीच्या वेळी गेली, असं तो धरून चालला होता. तेव्हापासून त्याचा स्वतःच्या तोंडावर भरवसा राहिला नव्हता.

ही हाक म्हणजे काय, ते सांगायला हवं. वीस फुटी लोखंडी चॅनल शंभर किलोचा. दोघांनी खांद्यावर घ्यायचा, एक पुढे, एक मागे. थप्पीपाशी पोचलं की उभं राहायचं. पुढच्याला थप्पी दिसते, म्हणून हाक पुढच्याची. तो आधी आपला आतला हात लोखंडाखालून काढतो, पाय रोवतो आणि मग ओरडतो, "होऽ!" त्या हाकेवर दोघांनी एकदम खांदा झटकायचा. चॅनल सरळ थप्पीवर पडतो. मागच्याने आधी सोडला, तर मागचं टोक खाली आपटतं, पुढचं उसळतं आणि पुढच्याचा हात लोखंडाखाली सापडतो. कामात अवघड असं एवढंच. बाकी सगळी ताकद.

मारोती पुढचा होता. परभणीकडून आलेला, अंगाने किडकिडीत, पण त्याची हाक माथाडींच्या टोळीत सगळ्यात चोख. मागे किसन असायचा. पाटणकडचा, रुंद खांद्याचा, बोलघेवडा. दोघांची जोडी नऊ वर्षं टिकली. म्हातारा मुकादम म्हणायचा, "माझ्यानंतर मारोती. टोळीला हाक पाहिजे, ताकद काय बैलालाबी असते."

मग एका सकाळी चॅनल उसळला आणि मारोतीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात किसन उशाशी बसून रडला. म्हणाला, "मारत्या, हात काढायच्या आधी हाक कशाला दिलीस रं?" मारोतीला आठवत होतं ते वेगळंच. हात अजून खाली होता आणि हाक गळ्यातच होती. पण टोळीतले सगळे येऊन गेले आणि सगळे तेच बोलले. हाक आधी आली. आम्ही ऐकली. इतकी माणसं एक बोलतात आणि आपल्याला एकट्याला दुसरं आठवतं, म्हणजे दुखण्याने आपलं डोकं फिरलं असेल, असं त्याने ठरवलं.

फक्त जाईबाई म्हणाली, "तुम्ही घाई करनारं मानूसच न्हाईत. लोक काहीबी सांगायलेत."

त्यावर तो तिच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. "माझ्या टोळीला खोटं म्हनू नको!" तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

टोळीने त्याला काढलं नाही. किसन पुढे मुकादम झाला, त्याने मारोतीला हलकं काम दिलं. तारा बांधणं, नग मोजणं, खुणा करणं. मारोतीने ते उपकार मानले. चूक आपली असून या माणसांनी आपली चूल चालू ठेवली. दर वर्षी जयंतीला खिरीचा पहिला डबा किसनच्या घरी जायचा. जाईबाई मुकाट्याने भरून द्यायची.

रिटायर झाल्यावर टोळी पांगली. कुणी उलव्याला मुलाकडे, कुणी गावी. यंदा किसननेच सगळ्यांना फोन केले. "आयुष्यभर लोखंड बघितलं, आता जरा दर्या बघू." नेरूळच्या जेट्टीवरून बोट निघते, बंदर फिरवून दोन तासांत परत आणते. सात म्हातारे जमले: मारोती, किसन, पोपट, सिताराम आणि आणखी तिघं. भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून जेट्टीवर आले. मारोतीच्या पिशवीत जाईबाईने दिलेले धपाटे होते, किसनसाठी. उतरताना देऊ, असं त्याने ठरवलं.

बोटीवर सगळ्यांना नारंगी जाकिटं घालायला लावली. पोपट म्हणाला, "आयला, आपन तर गॅसच्या टाक्या दिसतोय."

"तू आधीपास्नं दिसतोस," किसन म्हणाला.

माइकवर ईश्वरी नावाची मुलगी होती. ती सांगत होती, हे उलवे, हा नव्या विमानतळाचा भाग, तो पुढे सागरी सेतू. बोट खाडीतून बाहेर पडली आणि पाणी एकदम मोठं झालं. सिताराम कठडा धरून बसला, त्याला पोहता येत नव्हतं. मारोतीला बरं वाटत होतं. वारा होता, माणसं आपली होती.

न्हावा शेवाच्या समोर बोट हळू झाली. किनाऱ्यावर उंच क्रेन कंटेनर उचलून जहाजावर ठेवत होत्या. मारोती बघत राहिला. वजन वर गेलं, सरकलं, उतरलं. खाली कुणाचा हात नाही. कुणाची हाक नाही.

"आमीबी क्रेनच होतो, पोरी," किसन ईश्वरीला सांगत होता. "दोन पायांच्या. डिझेल न्हाई, चहावर चालायचो."

ती हसली. सगळे हसले. तेवढ्यात बोटीवरचे दोन खलाशी थंड बाटल्यांची बर्फाची पेटी घेऊन आले. पुढचा उलटा चालत होता. ठेवायच्या जागेपाशी पोचले आणि मागच्याने पेटी आधीच सोडली. पुढच्याची बोटं थोडक्यात वाचली. तो खेकसला, "आरं ए, सांगल्याबिगर सोडतंय काय? बोटं जातीन ना माजी!"

पोपटने मांडीवर थाप मारली. "मुकादमावानी केलं की रं मागच्यानं!"

दोघंतिघं हसले आणि हसता हसता थांबले. पोपटचं तोंड उघडंच राहिलं. सिताराम पाण्याकडे बघू लागला.

मारोतीने विचारलं, "मुकादमानं काय केलं होतं?"

"काय न्हाई रं," पोपट म्हणाला. "आपलं उगा तोंडाला येतं."

"किसन. काय केलं होतं?"

किसनने टोपी काढली, पुन्हा घातली. "मारत्या, जुनं झालं ते. तुला म्हाईतच हाय की सगळं."

"मला काय म्हाईत हाय, ते तू सांग."

बोटीचं इंजिन घरघरत होतं. किसन त्याच्याकडे नीट बघू लागला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची मस्करी गेली.

"तुला खरंच ठावं न्हाई?" तो हळू म्हणाला. "माझा खांदा सुटला व्हता त्या दिवशी. सकाळपास्नं कळ मारत व्हती. बोललो असतो तर म्हाताऱ्या मुकादमानं घरी बसवला असता. थप्पीपाशी आलो आनि न्हाई झेपलं. सोडला."

"आन् हाक?"

"हाक न्हवती झाली."

मारोतीने मान वळवली. "सिताराम, तू थप्पीवर उभा होतास."

सिताराम जाकिटाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "होतो."

"दिसलं तुला?"

"दिसलं."

"मंग बोलला काहून न्हाईस?"

सितारामऐवजी पोपटच बोलला, आणि चिडून बोलला, जसा चुकलेला माणूस चिडतो तसा. "बोलून काय झालं असतं? तुझी बोटं तर गेलीच व्हती. ती परत आली असती व्हय? किसनलाबी काढला असता. दोघांच्या चुली कशाला बंद करायच्या? म्हातारा मुकादम इचारायला लागला, आमी म्हटलं, हाक आधी आली. आनि तुला ठेवला की टोळीत! टाकला न्हाई तुला."

"ठेवला," मारोती म्हणाला.

किसन सरकून जवळ आला. "मला वाटलं, तुला कळलंय आनि तू गिळलंस. दर साली डबा घेऊन यायचास. मी घरात सांगायचो, काय मनाचा मानूस हाय बघा. माफ केलं यानं मला."

"चूक माझी हाय म्हनून आनत होतो डबा."

माइकवर ईश्वरी म्हणाली, "डाव्या बाजूला सगळ्यांनी या, सेतूसोबत फोटो मस्त येतो!" बाकीचे प्रवासी डावीकडे धावले, बोट थोडी कलली. सात म्हातारे जागेवरच बसले.

मारोती हाताकडे बघत होता. हाताचं त्याला काही वाटत नव्हतं. बाजारात हात जातात, पाय जातात, हा तर अर्धाच गेला होता. त्याला राग होता तो आठवणीचा. हात खाली होता, हाक गळ्यात होती, हे त्याला बावीस वर्षं स्वच्छ आठवत होतं. या सहा जणांच्या शब्दासाठी त्याने आपलं आठवणं खोटं ठरवलं होतं. त्यांनी दोन बोटं लपवली नव्हती. एक अख्खा माणूस लपवला होता, आणि तो माणूस त्यांच्याच टोळीत बसून तारा बांधत होता.

परतीच्या वाटेवर कुणी फोटो काढले नाहीत.

जेट्टीवर आले तेव्हा ओहोटी लागली होती. खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या. खलाश्यांनी फळी टाकली, पण मागून एक मालवाहू बार्ज गेली आणि तिच्या लाटांनी बोट वरखाली व्हायला लागली. फळी दोनदा घसरली. खलाशी म्हणाला, "फली नको. बोट वर आली का पाय टाका. एकेक जन. घाई नाय!"

तरुण मंडळी टणाटण उतरली. मारोती त्यांच्या मागोमाग उतरला, कुणाचा हात न धरता. पायरीवर पोचून त्याने मागे बघितलं. सिताराम काठावर उभा होता. डोळे अर्धे मिटलेले. बोट खाली जात होती आणि हा नेमका आत्ता पाय उचलत होता. बोट आणि दगड यांच्यामध्ये एक पाऊल मावेल एवढी फट.

"थांब!"

आवाज आपल्याच तोंडून आला, हे मारोतीला नंतर कळलं. सिताराम थबकला. बोट खाली गेली, थांबली, वर येऊ लागली. मारोतीने पाय रोवले. वर, वर, आता पायरीच्या बरोबरीला.

"होऽ!"

सितारामने पाय टाकला. पाऊल कोरड्या दगडावर पडलं.

त्यानंतर पोपट. "होऽ!" मग बाकीचे तिघं. कुणी इकडे तिकडे बघितलं नाही. हाक आली की पाय. जुन्या अंगांना सवय होती. मारोती लाटेशिवाय दुसरं काही बघत नव्हता. राग कुठे गेला नव्हता. पण काम अर्धवट सोडायचं नसतं, आणि चुकीचं तर करायचंच नसतं.

शेवटी किसन राहिला.

बोट वर आली. "होऽ!"

किसन हलला नाही.

बोट खाली गेली, पुन्हा वर आली. "होऽ!"

किसनने पाय उचलला आणि परत ठेवला. त्याचे दोन्ही हात कठड्याला घट्ट होते. तिसऱ्यांदा हाक झाली, तीही फुकट गेली. वरून पोपट ओरडला, "मुकादम, टाका की पाय!"

किसन मारोतीच्या डोळ्यांत बघत होता. "मारत्या," तो म्हणाला, "बरोबर देतोयस ना रं?"

मारोतीला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

"मी चुकीची कधी दिली होती?"

किसनने मान खाली घातली. खलाश्याने त्याला बगलेत धरून पायरीवर घेतलं. मारोती तोवर वर निघाला होता.

जेट्टीच्या दारात ट्रॅव्हलर वळवायला जागा कमी होती. ड्रायव्हरने काचेतून डोकं काढलं. "काका, जरा मागे बघा ना, भिंत आहे."

टोळीतला प्रत्येक जण मारोतीकडे वळला आणि लगेच दुसरीकडे बघू लागला. मारोती गाडीमागे गेला. तीन बोटांचा हात वर केला.

"येऊ दे. येऊ दे. डावीकडं घे. येऊ दे. बस."

भिंत आणि बंपर यांच्यात वीतभर जागा राहिली. एकेक जण आत चढला. किसनने शेजारची सीट हाताने झाडून ठेवली. मारोतीने बाहेरूनच दार लावलं.

"अरे, काका राहिले!" ड्रायव्हर म्हणाला.

"काका राहिले न्हाईत, थांबलेत," मारोती म्हणाला. "जा तू."

गाडी गेली. तो सीवूड्स स्टेशनच्या दिशेने चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर फोन वाजला.

"आवडले का किसनभाऊंना धपाटे?" जाईबाईने विचारलं.

"दिले न्हाईत."

"काहून?"

तो रस्त्याच्या कडेला थांबला. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या.

"जाई, हाक माझी बरोबर होती."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मी तुमाला तवाच म्हनले होते," ती म्हणाली.

"म्हनली होतीस. मी तुझ्यावर ओरडलो."

ते ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "धपाटे परत आना. संघप्रिया येनार हाय."

मारोतीने फोन खिशात ठेवला. एक बस गेली, तिच्यामागे दोन रिक्षा. मग रस्ता मोकळा झाला आणि 'चला' म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. त्याने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं आणि पाय टाकला.